धुरांडं चित्रात कुठे उभं आहे, ते बघा

प्रश्न एका कलाविद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये कारखाने उभे राहत होते, रेल्वे पसरत होती, माणसं गाव सोडून पॅरिसला येत होती. आणि नेमकी त्याच वेळी इम्प्रेशनिस्ट मंडळी, म्हणजे मोने, पिसारो वगैरे चित्रकार, ऊन, पाणी, होड्या नि फुलं रंगवत बसली होती. मग ही पळवाट नव्हे का? निसर्गचित्रात समाजातला बदल कधी दिसतो तरी का?

मी पस्तीसएक वर्षं उन्हात उभा राहून निसर्गचित्रं करतोय, त्यातली वीस वर्षं शिकवतोयही. दरवर्षी मुलांना घेऊन वाईला जातो. मेणवलीच्या घाटावर किंवा ढोल्या गणपतीसमोर पंचवीस जण बोर्ड मांडीवर घेऊन बसतात. संध्याकाळी चित्रं रांगेनं लावली की एखाद्या कागदावर विजेची तार दिसते, बाकीच्या चोवीसांवर नसते. समोर मात्र ती ढळढळीत असते. "तार कुठे गेली रे?" विचारलं तर उत्तर ठरलेलं : "सर, डिस्टर्ब करते." मोबाइलचा टॉवर, प्लॅस्टिकची टाकी, पत्र्याची शेड, सगळं असंच गायब होतं. हे मी मुलांना हिणवण्यासाठी सांगत नाही, मीही वर्षानुवर्षं तेच केलं आहे. सांगायचं एवढंच की निसर्गचित्रात काय आहे याच्याइतकंच, काय गाळलं आणि काय ठेवलं, हे बघायचं असतं. तुमच्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे.

आता मोनेचं 'इम्प्रेशन, सनराइज' काढा. 1872 चं चित्र, 1874 साली पॅरिसच्या बुलव्हार दे काप्युसिनवर, छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत भरलेल्या प्रदर्शनात लागलेलं. त्यावरून लुई लरोआ नावाच्या टीकाकारानं सगळ्यांची टिंगल केली आणि पंथाला नाव मिळालं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. चित्रातली जागा कोणती, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. ती नॉर्मंडीतल्या ल आव्र बंदराची गोदी आहे. मागे धुक्यात ज्या उभ्या निळसर रेघा दिसतात त्यात जहाजांच्या डोलकाठ्या आहेत, क्रेन आहेत आणि धूर सोडणारी धुरांडी आहेत. फ्रान्स नुकताच प्रशियाकडून युद्ध हरलेला, 1871 च्या मे महिन्यात पॅरिस कम्यून रक्तात बुडवलेलं, आणि त्यानंतरच्या वर्षी हा माणूस आपल्या लहानपणच्या गावी जाऊन एका चालत्या बंदराची सकाळ रंगवतो. पळून जायचं असतं तर नॉर्मंडीत कुरणं कमी नव्हती.

एक गंमत करून बघा. या चित्राचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करा. तो लालभडक सूर्य जवळपास नाहीसा होतो. सूर्याचा टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, मोनेनं मागच्या आकाशाच्या टोनइतकाच ठेवला आहे, फरक फक्त रंगाचा. म्हणून तो थरथरतो. आणि असा टोन जुळवायला मागचं आकाश धूसर लागतं, कडा विरघळलेल्या लागतात. स्वच्छ हवेत हे चित्र होत नाही. धूर हा त्या चित्राचा विषय नसेल, पण तो त्याचं माध्यम नक्कीच आहे.

मोने 1871 च्या शेवटी आर्जांतयला राहायला गेला आणि 1878 पर्यंत तिथे होता. पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनातून गाडीत बसलं की थोड्या वेळात हे गाव येई. रेल्वे तिथे 1851 मध्ये पोचली होती. एका बाजूला रविवारी पॅरिसहून येणारे होडीवाले शौकीन, दुसऱ्या बाजूला लोखंडाच्या ओतशाळा, अधेमधे द्राक्षमळे नि भाजीपाला. ना धड गाव, ना धड शहर. मुंबईच्या लोकलनं कल्याण-बदलापूरच्या पुढे जाताना पन्नास वर्षांपूर्वी जे दिसत असेल, तसलं काहीतरी. युद्धात तिथले पूल उद्ध्वस्त झाले होते. मोनेनं 1872 मध्ये रंगवला तो दुरुस्तीच्या लाकडी पायाडात अडकलेला पूल. पुढे 1873-74 मध्ये त्यानं नवा रेल्वेपूल काढला, कसलीही सजावट नसलेला, नुसत्या गोल खांबांवर उभा. वरून गाडी चालली आहे, खाली शिडाची होडी, आणि इंजिनाचा धूर ढगात जाऊन मिसळतो आहे.

ही 'मिसळण्याची' जागा नीट बघा. मोने धुरांडं गाळत नाही, पण त्याला बोचू देत नाही. आर्जांतयच्या कित्येक चित्रांत क्षितिजावर झाडांच्या शेंड्यांमध्ये एखादं धुरांडं असतं, एखाद्या शिडाच्या उंचीचं, त्याच रंगातलं. कारखाना आणि करमणूक एकाच उन्हात शांतपणे नांदताहेत, असं ते जग. खरी परिस्थिती तशी नव्हती. पॅरिसची नव्यानं आखणी करणाऱ्या ओस्मान या अधिकाऱ्यानं शहराखाली जी भुयारी गटारं बांधून घेतली, त्यांचं पाणी आनिएर-क्लिशीच्या बाजूला सेन नदीत सोडलं जाई, आणि आर्जांतय प्रवाहाच्या खालच्या अंगाला. म्हणजे ज्या पाण्यात मोने आकाशाचे निळे-पांढरे तुकडे टाकत होता, त्यात शहराचा मैला वाहत होता. चित्राला वास नसतो, हा चित्रकाराचा मोठाच फायदा.

इथे तुमच्या 'पळवाट' शब्दाला थोडी जागा मिळते. पण आधी एक उलट बाजू.

ही निसर्गचित्रं ज्या हातांनी केली त्या हातांत काय होतं? पूर्वी घोटलेला तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. टाचणीनं भोक पाडायचं, रंग काढायचा, भोक बुजवायचं. पिशवी फुटली की सामानाचा सत्यानाश. 1841 मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं कथलाच्या दाबता येणाऱ्या ट्यूबचं पेटंट घेतलं, आणि रंग खिशात घालून कुठेही जाता येऊ लागलं. ब्रशचं तसंच. धातूची पट्टी आली म्हणून केस चपटे बसवता आले, आणि चपटा ब्रश आला म्हणून तो चौकोनी, तुटक फटकारा आला, ज्याला आपण आज 'इम्प्रेशनिस्ट स्ट्रोक' म्हणतो. गोल ब्रशनं पाण्यावरची चमक तशी टाकून बघा, जमत नाही.

आणि रंगद्रव्यं! कृत्रिम अल्ट्रामरीन 1820 च्या दशकातलं. त्याआधी तोच निळा अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडापासून काढत, आणि तो सोन्याच्या भावानं जाई. कोबाल्ट निळा, क्रोम पिवळा, व्हिरिडियन हिरवा, सेरुलियन, हे सगळे एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्राचे वंशज. मोनेनं 1877 मध्ये साँ-लाझार स्टेशनाची बारा चित्रं केली. त्यातलं एक लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि त्याच्या रंगांची तपासणी झालेली आहे. पाहणाऱ्याला ते काळपट, तपकिरी, काजळी धरलेलं वाटतं. पण त्यात मातीचे रंग, म्हणजे आपले गेरू-अंबर वगैरे, जवळजवळ नाहीतच. ते सगळे राखाडी-तपकिरी टोन चकचकीत नव्या रंगांच्या मिश्रणातून आलेले आहेत. कोबाल्ट, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, शेंदरी, क्रोम पिवळा, एकमेकांत कालवून केलेली काजळी. म्हणजे कारखान्यात तयार झालेल्या रंगांनी इंजिनाचा धूर रंगवला आहे. याहून सरळ संबंध दुसरा काय असेल?

त्या स्टेशनाच्या चित्रांबद्दल आणखी एक. ती मी निसर्गचित्रंच मानतो. लोखंड आणि काचेचं छप्पर हे तिथलं आकाश, वाफ हे ढग, आणि ऊन वरून काचेतून गाळून येतं. झाडाचं एक पान नाही, तरी हवामान आहे.

आता जरा धंद्यातलं सांगतो, कारण पुस्तकं हे सांगत नाहीत. वाफ आणि कोळशाचा धूर एकाच रंगात रंगवला की चित्र खोटं पडतं. वाफ आभाळाचा रंग घेते. उन्हात ती पांढरी, सावलीत निळी-जांभळी. पातळ धूर गडद झाडीसमोर निळसर दिसतो आणि तोच वर उजळ आकाशासमोर गेला की पिवळट-तपकिरी होतो. मोने, पिसारो या दोघांनाही हे पक्कं ठाऊक होतं. 1982 च्या संपानंतर परळ-लालबागच्या बऱ्याच गिरण्या थंडावल्या होत्या. मी विद्यार्थी होतो तेव्हा त्यांची धुरांडी रंगवायला जायचो. महिनाभरात कंटाळलो. धूर नसलेलं धुरांडं म्हणजे कागदावर उभी केलेली काठी. ते मागच्या हवेत मिसळतच नाही, चित्राचे दोन तुकडे करतं. तेव्हा कळलं की मोनेच्या धुरांड्यांना त्यांचा धूरच सांभाळून घेत होता.

पिसारोकडे या. तो पाँत्वाझला राहत होता, वाझ नदीच्या काठी. पलीकडच्या तीरावर साँ-उआँ-लोमोन गावात एक नवा कारखाना उभा राहिला, बीटापासून मद्यार्क काढणारा. 1873 मध्ये पिसारोनं त्याची काही चित्रं केली. पुढे गवत, मग नदी, पलीकडे पांढऱ्या भिंती आणि उंच धुरांडी. मोनेसारखं त्यानं धुरांडं शेंड्यांत लपवलं नाही, चित्राच्या मधोमध उभं केलं. पण त्याला राक्षसही बनवलं नाही. मला या चित्रांत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे : बीट हे शेतातलं पीक आहे. आजूबाजूचा शेतकरी बीट पिकवतो आणि गाडी भरून याच फाटकाशी आणतो. त्यामुळे तो कारखाना निसर्गावर बाहेरून कोसळलेला नाही, तो त्याच शेतीचं पुढचं टोक आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या, साखर कारखान्याच्या धुरांड्याखाली वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ऊस उभा असलेलं शेत आणि लांबचं धुरांडं त्याच्या डोळ्यात एकाच चित्रात असतात. पिसारोनं ते तसं पाहिलं. तो विचारानं अराज्यवादी होता. 1889-90 मध्ये त्यानं भुकेवर, आत्महत्येवर बोचऱ्या रेखाचित्रांचा एक संच आपल्या भाच्यांसाठी केला. त्याचा राग तिथे मोकळा सुटला आहे. निसर्गचित्रात त्यानं भाषण केलं नाही. मला हा संयम आवडतो, पण तुम्हाला तो भित्रेपणा वाटला तर मी भांडायला येणार नाही.

गियोमँ हे नाव तुम्ही बहुधा ऐकलं नसेल, कारण कॅलेंडरवर त्याची चित्रं येत नाहीत. 1874 च्या त्याच पहिल्या प्रदर्शनात तोही होता. पॅरिसलगतच्या इव्ह्रीचा सूर्यास्त त्यानं रंगवला : नदी, केशरी आभाळ, आणि त्याला कापत जाणारी धुराची लांबच लांब रेघ. इथे कारखाना कोपऱ्यात नाही, सूर्यास्ताचा मालकच तो आहे. गियोमँ आधी रेल्वे कंपनीत आणि मग सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करून उरल्या वेळात रंगवायचा. म्हणजे धुरांडी त्याच्या रोजच्या वाटेवर होती, रविवारच्या सहलीत लागणारी नव्हती. 1891 मध्ये त्याला एक लाख फ्रँकची लॉटरी लागली, नोकरी सुटली, आणि पुढे तो क्र्योझ भागातल्या दऱ्या नि खडक रंगवत राहिला. पोटाची काळजी सुटली की नजर कुठे वळते, याचा इतका स्वच्छ नमुना क्वचितच मिळतो.

याच गटातल्या बेर्थ मोरिसो या चित्रकर्तीचं 1875 मधलं एक छोटं चित्र आहे, जेनव्हिलिएच्या मैदानात कपडे वाळत घालणाऱ्या बाया. पांढऱ्या चादरी, हिरवं शेत, हलका हात. क्षितिजावर धुरांडी. ही घरची धुणी नाहीत, हा धंदा आहे. शिवाय याच मैदानात त्या काळात पॅरिसचं मैलापाणी शेतीला देण्याचे प्रयोग चालले होते. शहर आपले मळके कपडे आणि आपला मैला, दोन्ही एकाच मैदानात पाठवत होतं, असं मी मुलांना सांगतो तेव्हा ती एकदम चित्राच्या जवळ सरकतात.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा काटा. यंत्र दिसतं, पूल दिसतो, धूर दिसतो. कामगार कुठे आहे?

फारसा नाहीच. मोनेच्या इतक्या मोठ्या कामात अंगमेहनतीचं म्हणावं असं ठळक चित्र एकच आठवतं : 1875 च्या सुमाराचं, कोळसा उतरवणारे हमाल. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. आनिएरजवळचा सेनचा काठ. कोळशाच्या सपाट होड्यांपासून धक्क्यापर्यंत लांब फळ्या टाकल्या आहेत. माणसं भरल्या टोपल्या घेऊन एका फळीवरून चढताहेत, रिकाम्या घेऊन दुसरीवरून उतरताहेत. कुणालाही चेहरा नाही. अंतरं इतकी सारखी की सुरावटीच्या कागदावर टिंबं मांडल्यासारखी. वर पूल, पुलावरून लोक आपापल्या कामाला चालले आहेत, खाली कुणी बघत नाही. आर्जांतयची गाडी याच भागातून जाते. मोने या दृश्यासमोरून किती वेळा गेला असेल. सूर्य नाही, झगमग नाही, सगळं हिरवट-राखाडी. मोनेला हे दिसत नव्हतं असं म्हणायची सोय या चित्रानं ठेवली नाही. त्यानं ते पाहिलं, उत्तम रंगवलं आणि त्याकडे पुन्हा वळला नाही. आरोप करायचा तर हा करा, तो जास्त नेमका आहे.

जॉर्ज सरा या त्यांच्यापेक्षा तरुण चित्रकाराबद्दल लांबण लावत नाही. 'आनिएरचे स्नानार्थी' हे 1884 मधलं त्याचं तीन मीटर रुंद चित्र बघा. मोनेनं ज्या क्लिशीच्या धुरांड्यांना ढगांत मिसळलं असतं, ती तिथे सरळ क्षितिजावर आहेत, आणि पुढे काठावर बसलेली साधी माणसं एवढी मोठी आहेत की त्यांना वगळून चित्र पाहताच येत नाही.

ही चित्रं विकत कोण घेत होतं, हेही विसरू नका. 'इम्प्रेशन, सनराइज' 1874 मध्ये एर्नेस्त ओशदे या कापड व्यापाऱ्यानं 800 फ्रँकला घेतलं. त्याचं दिवाळं वाजलं आणि 1878 च्या लिलावात तेच चित्र 210 फ्रँकला गेलं. सिस्ले या आणखी एका इम्प्रेशनिस्टाची चित्रं ढिगानं घेणारा फ्रांस्वा दपो हा रुआँचा कोळशाचा व्यापारी. दिवसभर कोळसा विकायचा आणि संध्याकाळी भिंतीवर सिस्लेचं स्वच्छ आकाश बघायचं. मला यात ढोंग दिसत नाही, थकवा दिसतो. पण चित्रकारानं काय रंगवावं यावर ही भिंत नकळत दाब देत असणारच. मी स्वतः बँकांच्या नि हॉटेलांच्या लॉबीसाठी चित्रं दिली आहेत. तारा कोणी गाळायला सांगितलं नव्हतं, मीच गाळल्या.

1883 मध्ये मोने झिव्हर्नी या खेड्यात राहायला गेला आणि मग खरोखरच त्यानं आधुनिक जगाकडे पाठ केली, असं म्हणतात. पाठ केली म्हणजे काय? 1891 ची पॉप्लर झाडांची मालिका घ्या. ती झाडं लिमेत्झ गावच्या मालकीची, लाकडासाठी लावलेली, आणि तोडायला काढलेली होती. चित्रं पुरी होईपर्यंत झाडं उभी राहावीत म्हणून मोनेला लाकडाच्या व्यापाऱ्याशी पैशाचा व्यवहार करावा लागला. चित्रात फक्त झाडं आहेत, हिशोब नाही. 1893 मध्ये त्यानं कमळांच्या तळ्यासाठी जमीन घेतली, ती रेल्वेच्या रुळापलीकडे होती. पाणी वळवायची परवानगी मागितली तेव्हा गावकऱ्यांनी हरकत घेतली : ही परदेशी झाडं पाणी नासवतील, आमची धुणी नि गुरं तिथे आहेत. ज्या तळ्याला आपण निर्मळ निसर्ग समजतो ते एका श्रीमंत शहरी माणसानं अर्जविनंत्या करून, गावाशी वाद घालून तयार करवलं होतं. ते तळं म्हणजे पळवाट होती हे मी मान्य करतो, पण त्या वाटेवरही रूळ ओलांडावेच लागत होते.

आणि मग लंडन. 1899 ते 1901 या तीन वर्षांत मोने पुन्हा पुन्हा तिथे गेला, सॅव्हॉय हॉटेलच्या खिडकीतून थेम्सवरचे पूल रंगवायला. वॉटर्लू पुलामागे दक्षिण काठाची धुरांडी, चेअरिंग क्रॉसच्या पुलावरून जाणाऱ्या गाडीची वाफ, सगळ्यावर कोळशाच्या धुरानं जड झालेलं धुकं. 2023 मध्ये हवामानशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला. टर्नर या आधीच्या इंग्रज चित्रकाराच्या आणि मोनेच्या चित्रांतल्या कडा आणि उजेड-काळोखातला फरक मोजून त्यांनी मांडलं की ही धूसरता त्या काळी वाढत गेलेल्या गंधकाच्या धुराशी जुळते. वर्तमानपत्रांनी लगेच छापलं, 'इम्प्रेशनिझम म्हणजे प्रदूषण'. एवढं सरळ ते नाही. मोनेनं स्वच्छ समुद्रकिनारेही तितक्याच मोकळ्या हातानं रंगवले आहेत. पण हवा काय होती हे चित्रात उतरतं, यात मला नवल वाटत नाही. डोळ्यासमोर जे नाही ते उन्हात उभं राहून रंगवता येत नाही.

1900 च्या मार्चमधली गोष्ट आहे. रविवार. सकाळी उठून मोनेनं खिडकीबाहेर पाहिलं तर धुक्याचा मागमूस नाही, लख्ख हवा. त्याच्या पोटात गोळाच आला. एवढी सुरू केलेली चित्रं आता वाया जाणार, असं त्याला वाटलं. तो वाट बघत बसला. मग हळूहळू घराघरांतल्या शेगड्या पेटल्या, धूर वर चढला, थेम्सवर पुन्हा धुकं साचलं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. हे त्यानं बायकोला पत्रात लिहून कळवलं आहे.